गरम झाल्यावर बोटीचं इंजिन उचलत नाही, तेव्हा काय तपासायचं

सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला उचलतं. तासभर बोट पळवून तुम्ही थांबता, वीसेक मिनिटांनी किल्ली फिरवता आणि ते नुसतं घरघरत राहतं. आणखी तासाभराने पुन्हा प्रयत्न केला, तर काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू. मेकॅनिककडे नेलं की तिथे ते शहाण्यासारखं वागतं, कारण तिथे पोचेपर्यंत ते निवलेलं असतं.

या तक्रारीचा खरा त्रास तोच आहे. बिघाड इंजिनाबरोबर थंड होऊन गायब होतो. मग लोक अंदाजाने सुटे भाग बदलत सुटतात. मीही एकदा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) बदलली, मग प्लग, मग प्लगच्या वायरी. शेवटी निघालं काय, तर ऑटो चोकची (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी आणि तापल्यावर आपोआप उघडणारी पाती) वायर सुटून पडली होती. तेव्हापासून एक नियम पाळतो: इंजिन गरम आहे आणि सुरू होत नाही, त्या दहा-पंधरा मिनिटांतच तपासणी करायची. त्यासाठी लागणारी हत्यारं बोटीतच हवीत. प्लगचा पाना, एक जुळणारा कोरा प्लग, ठिणगी तपासायचा टेस्टर, मल्टीमीटर, टॉर्च, दोन-तीन फडकी, पाण्याची बाटली आणि वही-पेन्सिल. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फारच छान.

बंद केल्यावर इंजिन आधी तापतं, मग निवतं

चालत्या इंजिनात पाणी फिरत असतं आणि ताजं, थंड इंधन सतत येत असतं. इंजिन बंद होताच दोन्ही थांबतं. पण सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टच्या धातूत साठलेली उष्णता तिथेच असते. ती आता कार्बोरेटर, इंधनाचा पंप, नळ्या, कॉइल अशी आजूबाजूला मुरायला लागते. मोटारीत बॉनेटखाली थोडी तरी हवा खेळते. बोटीत इंजिन एक तर कोंदट पेटीत असतं (इनबोर्ड) किंवा बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या आउटबोर्डच्या घट्ट टोपाखाली. त्यामुळे बंद केल्यानंतरच्या १० ते ३० मिनिटांत हे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात.

पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५–४० अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतात. शंभर अंशाला एकदम उकळणाऱ्या पाण्यासारखं ते नाही. थोडं इथेनॉल मिसळलं की वाफ व्हायची प्रवृत्ती आणखी वाढते. म्हणजे तापलेल्या पेटीत कार्बोरेटरच्या वाटीतलं (पेट्रोल साठवणारी छोटी जागा) पेट्रोल उकळणं यात नवल काहीच नाही.

म्हणून सगळ्यात आधी वेळ बघा. इंजिन बंद करून मिनिटभरात सुरू होतं, २० मिनिटांनी होत नाही आणि तासाभराने पुन्हा होतं, अशी चाल असेल तर संशय इंधनावर घ्या. बंद केल्याकेल्याही सुरू होत नसेल, तर मुरलेल्या उष्णतेला दोष देता येत नाही. कॉइल, सेन्सर, सेल्फ किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) बघा. आणि चालता चालता आपोआप बंद पडून मग निवेपर्यंत उचलत नसेल, तर बहुधा ठिणगी जाते आहे किंवा टाकीकडून इंधन अडतं आहे. हे नीट लिहून ठेवलं तर निम्मं काम वहीतच होतं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात साचते. गरम इंजिनावर पेट्रोल उकळत असताना नेमकं हेच होत असतं. पेट्रोलच्या इनबोर्डवर झाकण उघडा, नाकाने वास घ्या, ब्लोअर (पेटीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, मगच किल्लीला हात लावा. वास येत असेल तर कुठलंच बटण दाबू नका. आधी गळती शोधा.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान एक-दोन मिनिटं थांबा. सेल्फची मोटर आधीच गरम आहे, ती आणखी तापवून मूळ दुखण्यात नवीन भर पडते. ज्या इंजिनांच्या एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं, तिथे धोका याहून मोठा. सेल्फ फिरतो तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. पण इंजिन सुरू नसल्याने ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरत जातो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. म्हणून पुन्हा पुन्हा सेल्फ मारायची वेळ आलीच तर समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा. इंजिन उचललं की त्या क्षणी उघडा. विसरू नये म्हणून मी किल्लीच कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवतो आणि प्रत्येक वेळी तिथूनच काढून आणतो. आउटबोर्ड जमिनीवर तपासत असाल तर पाण्याशिवाय चालवू नका. कोरड्या इम्पेलरची (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) पाती फार लवकर जातात.

किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं?

'सुरू होत नाही' हे फार ढोबळ वाक्य आहे. सेल्फ फिरतच नाही, सेल्फ जड फिरतो आणि सेल्फ झकास फिरतो पण इंजिन उचलत नाही, हे तीन वेगळे आजार आहेत. हा फरक कानाने कळतो. थंड असताना सेल्फचा आवाज कसा येतो तो एकदा फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, गरम असताना ताडून बघा.

सेल्फ जड फिरतो किंवा नुसता 'टक्' करतो

किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणारा सुरक्षेचा स्विच) दोरी जागेवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का हे आधी बघा. हसू नका, यात भले भले फसतात. गिअरचा न्यूट्रल स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ फिरू न देणारा) गरम झाल्यावर किंवा केबल ताणल्यावर तुटक चालतो, तेव्हा लिव्हर थोडा पुढे-मागे हलवून बघा.

तांब्याच्या तारेचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सेल्फची मोटर २० अंशांवरून १०० अंशांवर गेली की तिच्या गुंडाळ्यांचा विरोध जवळपास ३० टक्के जास्त होतो. ठणठणीत व्यवस्था हे सहज सोसते. पण जोडीला गंजलेलं टर्मिनल, बारीक केबल किंवा म्हातारी बॅटरी असेल तर थंडीत कसंबसं निभणारं गरमीत निभत नाही.

मल्टीमीटर लावा. निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासून घ्या. बॅटरी टिकून राहिली, तर केबल मोजा. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आला तर त्या वाटेत कुठेतरी विजेचा दाब वाया जातो आहे. मग मायनस खांब आणि इंजिनाचा उघडा धातू यांमध्ये मोजा, इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. तार टर्मिनलच्या क्लिपवर न टेकवता खांबावरच टेकवा, नाहीतर सगळ्यात बदमाश सांधाच मोजणीतून सुटतो. बोटीत बहुतेक वेळा चोर अर्थिंगच्या, म्हणजे मायनसच्या बाजूला सापडतो. वरून चकचकीत, आतून हिरवा.

केबल ठीक, बॅटरी ठीक, तरी गरम सेल्फ रेंगाळतो, तर मोटरचे बुश किंवा ब्रश संपलेले असतात. सेल्फ बदलायचा झाला तर बोटीसाठी बनवलेलाच घ्या. मोटारीचा सेल्फ दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत जाऊ नये अशी त्याची बांधणी नसते. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर यांनाही हेच लागू.

एक महत्त्वाचा अपवाद. सेल्फ फिरता फिरता अचानक 'ठक्' करून भिंतीला आपटल्यासारखा थांबला, तर पुन्हा किल्ली मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा धातूचा भाग) किंवा त्यावरचं कोपर आतून कुजलं की गरम इंजिन बंद केल्यावर पाणी हळूहळू आत झिरपतं. सगळे प्लग काढा, मग सेल्फ मारा. एखाद्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली किंवा प्लगवर तांबूस गंज दिसला, तर उरलेला लेख नंतर वाचा, आधी तो मॅनिफोल्ड उतरवा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेल्फ छान फिरतो, इंजिन उचलत नाही

आता पेट्रोल इंजिनाला लागणाऱ्या तीन गोष्टी: ठिणगी, इंधन, कॉम्प्रेशन. पहिल्यांदा ठिणगी, कारण ती दोन मिनिटांत कळते. टेस्टर प्लगच्या टोपीला लावा, क्लिप इंजिनाच्या धातूला, आणि प्लग आपल्या जागीच ठेवा. काढलेला प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत बंद पेटीत करू नका. उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडत असता. ठिणगी निळी, जोमदार आणि नियमित हवी. पिवळट, अशक्त किंवा थांबत-थांबत येत असेल तर ठिणगीचा भाग खाली आहे.

ठिणगी ठीक असेल तर एक प्लग काढून बघा आणि हुंगा. हाच या सगळ्या प्रकरणातला फाटा आहे. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन जास्त झालं. कोरडा खडखडीत असेल तर इंधन पोचतच नाही. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत, त्यामुळे अंदाजाने रबरी फुगा (आउटबोर्डच्या इंधनाच्या नळीतला, हाताने पेट्रोल चढवायचा) दाबत बसणं किंवा चोक ओढणं म्हणजे निम्म्या वेळा स्वतःच आग्रहाने रोग वाढवणं.

*प्लग ओला.* वाटीतलं पेट्रोल उकळून नोझलमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये टपकतं आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पेटत नाही. सुरू करायचं असेल तर चोक अजिबात लावलेला नको (पाती पूर्ण उघडी), गिअर न्यूट्रलमध्ये, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तसाच धरून सेल्फ मारा. थ्रॉटल वर-खाली करू नका. तसं केलं की अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. उचललं की लगेच थ्रॉटल मागे घ्या, नाहीतर इंजिन मोकळंच भडकेल.

मग कारण शोधा. इंजिन गरम असताना बंद करा, पेटी नीट हवेशीर होऊ द्या, फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) उतरवून टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. फ्लेम अरेस्टर परत बसवल्याशिवाय मात्र इंजिन सुरू करायचं नाही. नोझलमधून थेंब गळताना दिसला तर वाटीतल्या फ्लोटची (तरंगणारा भाग) पातळी जास्त आहे किंवा पेट्रोल आत येणं थांबवणारा नीडल वाल्व नीट बसत नाही. पातळी बरोबर असूनही गळत असेल तर उष्णताच जबाबदार. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये फिनॉलिकचा (उष्णता अडवणारं कडक प्लास्टिक) जाड स्पेसर बसवला की बराच फरक पडतो. त्याच वेळी चोकची पाती बघा. गरम इंजिनावर ती उभी, पूर्ण उघडी हवी. अर्धवट मिटलेली असेल तर ऑटो चोकला वीज पोचते का ते मोजा. बऱ्याच आउटबोर्डवर चोकऐवजी प्रायमर सोलेनॉइड (विजेवर उघडून जादा पेट्रोल सोडणारी झडप) असतो. तो आतून गळत असेल तर गरम इंजिनाला सतत जादा पेट्रोल पाजत राहतो. त्याची बाहेर जाणारी नळी काढून, सोलेनॉइडला वीज नसताना, फुगा दाबून बघा. थेंबही यायला नको.

*प्लग कोरडा.* इथे दोन शक्यता. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं, किंवा नळीत वाफ अडकली. पंप द्रव ढकलतो, वाफ नुसती आकुंचन-प्रसरण पावते आणि जागच्या जागी राहते. ओळखायला सोपं: थंड पाण्यात भिजवलेलं फडकं इंधनाच्या पंपावर, फिल्टरवर आणि नळीवर गुंडाळा, पाच मिनिटं थांबा. आउटबोर्ड असेल तर फुग्याचं बाहेर जाणारं टोक वर धरून तो घट्ट होईपर्यंत दाबा. एवढ्याने उचललं तर निदान झालं.

पण वाफ का झाली? नुसत्या उष्णतेवर थांबू नका. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा त्या नळीत दाब कमी असतो, आणि कमी दाबाला पेट्रोल आणखी लवकर उकळतं. ओढीच्या बाजूला अडथळा असेल तर काम आणखी बिघडतं. टाकीची हवा घेणारी वाट बुजली आहे का? टाकीचं झाकण सैल करताच 'फुस्स' झालं तर ती बुजलेलीच आहे. कोळी आणि माश्या तिथे घर करतात. टाकीच्या तोंडाशी बसवलेला अँटी-सायफन वाल्व चिकटतो. फिल्टर चोंदतो. नळीचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं मिटतं, बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा टाकी आणि फुग्याच्या मध्ये आहे, हे पक्कं समजा. अँटी-सायफन वाल्व काढून फेकून देण्याचा सल्ला बरेच जण देतात. नळी तुटली तर टाकी तळात रिकामी होऊ नये म्हणून तो असतो. साफ करा किंवा नवा घाला, काढू नका.

*ठिणगी नाही.* कॉइलच्या आतलं इन्सुलेशन किंवा बारीक तुटलेली तार थंडपणी जुळलेली असते, तापली की सुटते. ओलं फडकं पिळून फक्त कॉइलच्या अंगावर ठेवा, जोड कोरडे राहतील असं. काही मिनिटांत ठिणगी परतली तर चोर सापडला. मग पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ कळवणारी) आणि इग्निशन मॉड्यूल (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) एकेक करून तसंच थंड करा. दोन एकदम थंड केले तर कोण दोषी ते कळणार नाही. मीटरने मोजताना तांब्याचा हिशेब विसरू नका. २० अंशांना १.५ ओहम दाखवणारी कॉइलची प्रायमरी गुंडाळी ८० अंशांना १.८-१.९ दाखवणारच. दुप्पट झाली किंवा मार्गच तुटलेला दाखवला, तर ती गेली. आणि जुन्या इंजिनात टायमिंग फार पुढे असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल तर गरम असताना इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं. लोक बिचाऱ्या बॅटरीला दोष देतात.

फ्यूएल इंजेक्शनची इंजिनं

यांच्यात कार्बोरेटरची वाटी नाही, पण आउटबोर्डमध्ये तिचा भाऊबंद असतो: वाफ वेगळी करणारी छोटी टाकी. तिच्यातला पंप वाफेत फिरला की दाब बनत नाही. किल्ली चालू करा, पंपाची गुणगुण थांबेपर्यंत ऐका, बंद करा. असं तीन-चारदा करून मग सेल्फ मारा. एवढ्याने उचलत असेल तर इंजिन बंद असताना दाब टिकत नाही. दाबाचं मीटर लावून बंद केल्यावर दाब किती वेगाने उतरतो ते बघा आणि पंपाचा चेक वाल्व व गळके इंजेक्टर तपासा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे तापमानाचा सेन्सर. तो बिघडून इंजिन थंड असल्याचं सांगत राहिला, तर कॉम्प्युटर गरम इंजिनालाही थंडीचा खुराक देतो. प्लग ओले, धूर काळा. स्कॅनरवरचं तापमान आणि इन्फ्रारेड थर्मामीटरचं तापमान शेजारी ठेवा. मोठी तफावत असेल तर आधी जोड साफ करा, मग सेन्सर बदला.

डिझेलचं गणित वेगळं

डिझेल पेट्रोलसारखं नळीत सहज उकळत नाही आणि ठिणगीचा प्रश्नच नाही. म्हणून इथे सेल्फ मारताना एक्झॉस्टकडे बघा. पांढरट धूर येतो पण इंजिन उचलत नाही: डिझेल पोचतंय, जळत नाही, म्हणजे सेल्फचा वेग कमी किंवा कॉम्प्रेशन कमी. धूर अजिबात नाही: डिझेल पोचतच नाही.

डिझेल पोचत नसेल तर आधी स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारी-बंद करणारी विजेची झडप). त्याची गुंडाळी गरम झाल्यावर दम टाकते आणि डिझेलची वाट उघडतच नाही. किल्ली चालू केल्यावर त्याचा 'टिक' आवाज थंडपणी ऐकून ठेवा, गरम असताना येतो का बघा. मग एअर. सैल क्लिप किंवा भेगाळलेल्या नळीतून इंजिन बंद असताना हवा आत शिरते. पारदर्शक नळीचा एक तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

हे सगळं ठीक असेल तर इंजेक्शन पंप झिजला असण्याची दाट शक्यता. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटतं आणि सेल्फच्या संथ वेगाला नोझल उघडण्याइतका दाबच बनत नाही. कसोटी तीच: ओलं, गार फडकं पंपावर दहा मिनिटं. सुरू झालं तर पंप दुरुस्तीला पाठवा. तापलेल्या पंपावर बादलीभर पाणी ओतू नका. आतले भाग केसाहूनही बारीक मापाने बसवलेले असतात आणि अचानक आकुंचनाने जाम होऊ शकतात. ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारी विजेची कांडी) असलेल्या इंजिनात ईथरचा (इंजिन चटकन पेटवायला मारतात तो ज्वालाग्राही स्प्रे) फवाराही नको.

कॉम्प्रेशन, आणि इंजिन खरंच जास्त तापतंय का

बाकी सगळं तपासून झालं तर कॉम्प्रेशन थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. थंडपणी ठीक आणि गरमपणी एक सिलिंडर पडलेला असेल, तर बहुधा वाल्वची फट कमी आहे. तापून लांबलेला वाल्व पूर्ण मिटत नाही. फट वेळेत लावली तर वाल्व वाचतो.

थंड करणारी व्यवस्थाही बघून घ्या. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ६० ते ७० अंशांना उघडतात. हेडचं तापमान त्याच्या फार वर जात असेल, आउटबोर्डची पाण्याची धार बारीक झाली असेल, तर इम्पेलर आणि क्षारांनी भरलेल्या वाटा आधी साफ करा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

बंद करण्याआधी चार-पाच मिनिटं इंजिन संथ चालवायची सवय लावा, मग थोडा वेळ ब्लोअर. पण चाचणीच्या दिवशी मात्र हे लाड करू नका. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली, दिवस उन्हाचा, टाकी अर्धी. इंजिन भाराखाली पूर्ण तापवून बंद करा, झाकण लावून टाका आणि ५ मिनिटांनी, २० मिनिटांनी, ४५ मिनिटांनी सुरू करून बघा. दर वेळी पुन्हा तेवढंच तापवून बंद करा, आणि पेट्रोलचं इनबोर्ड असेल तर किल्लीआधी वास आणि ब्लोअर चुकवू नका. दर खेपेला सेल्फ किती सेकंद मारावा लागला ते वहीत लिहा. २० मिनिटांची नोंद बाकीच्या दोन नोंदींपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर उष्णता अजून कुठेतरी इंधनात मुरते आहे. पुन्हा प्लग काढा आणि हुंगा.